शुगर, बीपी, किडनी आणि पित्त: एकाच पातेल्यात सगळ्यांची सोय

एकाच माणसाला शुगर, बीपी, वाढलेलं क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाल्याचं सांगणारा रक्तातला आकडा) आणि वर पित्त असं सगळं असलं की घरात पथ्याचे चार कागद जमा होतात. शुगरचा कागद म्हणतो भात कमी करा, दाळ-उसळ वाढवा. किडनीचा म्हणतो दाळ मोजून घ्या. बीपीचा मीठ काढून घेतो, पित्ताचा तिखट आणि आंबट. चारही कागदांवर नको म्हटलेलं सगळं वगळायला गेलं तर ताटात पाणीच उरतं, आणि किडनीच्या आजारात तर तेही मोजून मिळतं. मग माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो, वजन उतरतं, अंगातली ताकद जाते. म्हणून स्वयंपाकाच्या आधी कागदांचा निकाल लावायचा.

चार कागदांचा एक कागद

पुढच्या तपासणीला जाताना चार प्रश्न लिहून न्या. आत्ताच्या रिपोर्टप्रमाणे सगळ्यात कडक पथ्य कोणतं? दिवसाचं पाणी मोजायचं का, आणि मोजायचं तर किती? प्रथिनं दिवसाला किती ग्रॅम? कोणती गोळी जेवणाआधी, कोणती जेवणासोबत? मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतात. डॉक्टरांकडे वेळ नसेल तर त्यांच्याकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. क्रिएटिनिन वाढलं म्हटलं की घरातली टमाटे, केळी, पालेभाजी एका दिवसात बंद होते. पण पोटॅशियम कमी करायचं ते रक्तातलं पोटॅशियम वाढलं असेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. बहुतेक लॅब ३.५ ते ५ च्या आसपासचा आकडा ठीक धरतात. तो ठीक असताना भाजीपाला तोडला तर शुगरचं आणि पोट साफ होण्याचं नुकसान होतं, किडनीला फायदा काहीच होत नाही. शेजाऱ्याच्या किडनीचं पथ्य आपल्या किडनीला लावायचं नाही.

गोळ्यांचं वेळापत्रकही याच कागदावर. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासानंतर, तासाभराने घेतला तर उत्तम. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीसोबत चहा नको. शुगरचं मेटफॉर्मिन जेवणासोबत घेतलं की मळमळ कमी होते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण तिचं प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवावं लागतं. तीन आठवडे काहीच नाही आणि मग करडई-मेथीचा सपाटा लावला, की औषधाचा परिणाम वरखाली होतो.

फोडणीच्या आधी वाटी काढा

दुखणेकऱ्याचा स्वयंपाक वेगळा करायला गेलं तर तो आठ दिवस टिकतो. करणारीही थकते, आणि खाणाऱ्यालाही आपण ओझं झालो असं वाटतं. त्यापेक्षा घरातलंच वरण, घरातलीच भाजी मीठ-तिखटाविना शिजवा, फक्त हळद घाला. शिजलं की त्यांची वाटी आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पातेल्यात नेहमीचं मीठ, काळा मसाला, येसर काय हवं ते घाला. बाजूच्या वाटीला अर्धा चमचा तेलात जिरं आणि कढीपत्त्याची फोडणी द्या. लसूण सोसत असेल तर एक पाकळी ठेचून. मीठ शिजताना न घालता ताटात वरून भुरभुरलं की ते जिभेवर आधी लागतं, त्यामुळे निम्म्या मिठात भागतं.

गव्हाचं पथ्य असलेल्यांनी हिंग जपून वापरावा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवरचं बारीक अक्षर वाचा.

एक खोड मराठवाड्यात जास्त दिसते. बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे तुरीची दाळ मऊ होत नाही, मग चिमूटभर सोडा पडतो. खायचा सोडा म्हणजे सोडियमच. मीठ तोडलेल्या माणसाच्या पोटात ते मागच्या दाराने जातं. दाळ दोन तास भिजवा आणि शिजवायला तेवढं फिल्टरचं किंवा जारचं पाणी घ्या, सोड्याची गरज पडत नाही. मीठ आणि चिंच दाळ शिजल्यावरच. चिंच आधी पडली तर लातूरच्या मिलची चांगली दाळसुद्धा कडकच राहते.

मऊ कण्या

कवळी बसवलेल्यांना, तोंड आलेल्यांना, गहू न चालणाऱ्यांना आणि मिठाचं पथ्य असणाऱ्यांना, सगळ्यांना चालणारा हा एक पदार्थ. पुढची मापं दोन माणसांची, आणि वाटी म्हणजे साधारण १५० मिलीची आमटीची वाटी.

१. ज्वारी गिरणीतून भरड दळून आणा, रव्यापेक्षा जाड. चाळणीने पीठ काढून टाका. पीठ राहिलं की गुठळ्या होतात आणि तळ लागतो.
२. अर्धी वाटी कण्या दोनदा धुऊन सहा तास भिजत घाला. रात्री भिजवल्या की सकाळच्या न्याहारीला तयार. चैत्र-वैशाखात मात्र चार तासांच्या वर नको, पाणी आंबतं.
३. भिजलेल्या कण्यांत दोन वाट्या पाणी, पाव चमचा जिरं घालून भांडं कुकरमध्ये ठेवा. कुकरच्या तळाशी वेगळं पाणी हवं. थेट कुकरमध्ये शिजवल्या की हमखास लागतात.
४. तीन शिट्ट्यांनंतर आच मंद करून दहा मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या, कण्या त्या वाफेतच फुलतात.
५. झाकण काढून पळीच्या पाठीने घोटा. घट्ट वाटल्या तर गरम पाणी घाला. गार पाण्याने चव पिठूळ होते.
६. ताक घालायचं तर कण्या कोमट झाल्यावरच. उकळत्यात घातलं की फाटतं.

पित्तवाल्यांना ताजं, गोडसर ताक. सकाळचं आंबट ताक रात्री घेतलं की छातीत जळजळ होते. पाणी मोजून असेल तर ताक, आंबील, पातळ वरण, चहा हे सगळं पाण्याच्या हिशोबात धरायचं. हे सांगायचं राहून जातं आणि पायावरची सूज उतरत नाही. अशांनी कण्या घट्ट करून वर चमचाभर तूप घ्यावं.

खिचडीत दाळ किती, तांदूळ किती

खिचडी सगळ्यांना चालते असं सरसकट म्हणतात. चालते, पण प्रमाण बदलून. शुगर आहे आणि किडनी ठीक आहे तर तांदूळ आणि मूगदाळ समसमान. किडनीमुळे प्रथिनं मोजून असतील तर तीन भाग तांदळाला एक भाग दाळ. दोन्ही असेल तर दोन भाग तांदूळ, एक भाग दाळ, आणि खिचडीची वाटी लहान. अंदाजासाठी: पाव वाटी मूगदाळ म्हणजे साधारण ३० ग्रॅम, तिच्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं. वर दही, उसळ, अंडं घेणार असाल तर तेही त्याच बेरजेत.

पाणी सहापट, मऊसाठी. सालाची दाळ गॅस करते, सोललेली घ्या आणि तासभर भिजवून ते पाणी टाका. भोपळा, दोडका किंवा गिलकं किसून खिचडीतच शिजवलं की वेगळी भाजी करावी लागत नाही. शुगरवाल्यांनी भाजी दाळ-तांदळाइतकीच टाकावी. खिचडीची खोट अशी की ती चावावी लागत नाही, भराभर जाते आणि शुगर चढते. वेगळी भाजी असेल तर आधी तिचे चार घास, मग खिचडी, आणि खिचडी ताटलीत नको, वाटीत.

भाकरीचं वजन करा, एकदाच

ज्वारीच्या भाकरीत आपल्याकडे मीठ घालत नाहीत, बीपीवाल्यांसाठी ही मोठीच सोय. चपातीत मीठ जातं आणि पावात तर हमखास. पण ‘ज्वारी शुगरला चालते’ हे ऐकून दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या जातात, तिथे गणित बिघडतं. ४० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि आपल्या काटवटीतली नेहमीची भाकरी त्याच्या दुप्पट पिठाची निघते. ओळखीच्या किराणा दुकानात ४० ग्रॅम पीठ तोलून घ्या, ते ज्या वाटीत मावतं तिला खूण करा. रोज तीच वाटी.

पीठ पंधरा दिवसांपेक्षा जुनं असेल तर विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना फाटते आणि गार झाली की चिवट होते. दातांचा त्रास असलेल्याला ती चावत नाही. थोडं थोडं दळून आणा, पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळा, भाकरी भाजली की लगेच फडक्यात गुंडाळा. तरीही जड गेली तर कोमट दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून दहा मिनिटं ठेवा. काल्यासारखी मऊ होते.

रक्त कमी असलेल्यांसाठी जाता जाता: परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे २०१८ मध्ये आलेलं ज्वारीचं वाण लोह आणि जस्त जास्त असलेलं आहे. मिळालं तर जरूर घ्या, पण डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी त्यामुळे बंद करायची नाही.

मिठाची डबी

मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे पुरता एक सपाट चहाचा चमचाही नाही. अंदाजाने हे जमत नाही. सकाळी एका छोट्या डबीत पाऊण चमचा मीठ काढून ठेवा आणि त्या माणसाचं दिवसभराचं मीठ तिच्यातूनच घ्या. डबी संध्याकाळी पाचला रिकामी झाली तर रात्रीचं वरण अळणी. चौथ्या दिवसापासून डबी आपोआप पुरायला लागते. ५ ग्रॅमांतला उरलेला थोडा वाटा पापड, लोणचं, खारे दाणे, फरसाण, बिस्किट अशा लपलेल्या मिठासाठी सोडलेला आहे, आणि पापडखारामुळे एकट्या पापडानेच तो संपू शकतो. डॉक्टरांनी याहून कमी सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

सैंधव हेही मीठच, बीपीला त्याने फरक पडत नाही. खरा धोका ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. किडनी कमजोर असेल, किंवा बीपी-हृदयासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतली गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. विचारल्याशिवाय ती पुडी घरात आणू नका.

अळणी जेवणाला चव आणायला जवस, कारळं किंवा तिळाची चटणी मिठाविना कुटा. जिरं आणि लसूण चांगले भाजले की मीठ फार आठवत नाही. किडनीवाल्यांनी चटणी अर्ध्या चमच्यावर थांबवावी, तेलबियांत फॉस्फरस असतो. लिंबू बहुतेकांना चालतं, पित्तवाल्यांनी आधी दोन थेंबांवर करून पाहावं. भुरका आणि ठेचा मात्र विसराच. तेल, तिखट आणि मीठ तिन्ही एकाच चमच्यात येतं.

पोटॅशियम वाढलेलं असेल तरच: भाजी उकळून पाणी टाका

भाजी सोलून, अर्ध्या सेंटीमीटरच्या पातळ चकत्या करून भाजीच्या पाचपट पाण्यात, म्हणजे २०० ग्रॅमला एक लिटर, मऊ होईपर्यंत उकळायची, पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणी. नुसतं गार पाण्यात भिजवून फारसं काही निघत नाही, उकळण्याने निघतं. मोठे तुकडे केले तर आतलं आतच राहतं. ते पाणी वरणात किंवा पीठ मळायला वापरलं की सगळी मेहनत वाया. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी टाकवत नसेल तर गार झाल्यावर झाडांना घाला, आणि बटाटा, रताळं टाळून दोडका, दुधी, कोबी घ्या. नारळपाणी अशक्तपणावर म्हणून आणून देतात, या माणसाला ते नको.

अन्न नकोसं होतं त्या दिवशी

अशा दिवसासाठी आधीच डबा भरून ठेवा: अर्धा किलो कण्या आणि पाव किलो मूगदाळ मंद आचेवर वेगवेगळ्या कोरड्या भाजायच्या. दाळीचा खमंग वास सुटला की उतरवायची, लाल झाली तर कडवट लागते. पूर्ण गार झाल्यावर एकत्र करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गरम भरलं तर वाफेने बुरशी येते. एका वेळेला पाव वाटी मिश्रण, दीड वाटी पाणी, चार शिट्ट्या आणि दहा मिनिटं मंद आच. भिजवणं नाही, चिरणं नाही, ओट्याशी उभं राहणं दोन मिनिटांचं. तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा.

मळमळीत गरम अन्नाचा वासच सोसत नाही. कोमट किंवा गार द्या, फोडणी दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊ देऊ नका, घरच्यांचं कोरड्यास (भाजी) त्या वेळी शिजवू नका. दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी. उठल्याबरोबर पाण्याआधी मूठभर कोरड्या ज्वारीच्या लाह्या चावल्या तर पुष्कळांची मळमळ बसते. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, हलका म्हणून दिला जातो, पण भट्टीच्या मुरमुऱ्यांना मिठाचं पाणी लावलेलं असतं. भिजवून नीट पिळा आणि वरून मीठ घालू नका. शुगरवाल्यांनी मुरमुरे एक वाटी आणि सोबत मूठभर मोड आलेले, वाफवलेले मूग. किडनीवाल्यांनी मूग नको, नुसता सुशीला.

जेवण गेलं नाही आणि शुगरची ग्लिमेपिराईड गोळी किंवा इन्सुलिन घेऊन झालं, तर शुगर उतरते. दरदरून घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं, बोलण्यात गोंधळ. ७० च्या खाली आली की तीन सपाट चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तशीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आल्यावर थोडं खायला द्या. शुगरसाठीच व्होग्लिबोस किंवा अकार्बोज चालू असेल तर साखर लवकर लागू पडत नाही, कारण त्या गोळ्या साखर फोडू देत नाहीत. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी, पुडा घरात ठेवा. किडनी कमजोर असली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून तासाभराने परत मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आजारी दिवशी कोणती गोळी थांबवायची हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलटी-जुलाब सुरू झाल्यावर विचारायला उशीर होतो.

घर शेतावर, माणूस एकटा

सुगीत सकाळी आठला घर रिकामं होतं आणि दुपारचं जेवण घ्यायचं असतं दीडला. बाहेर ४२ अंश असताना शिजलेला भात आणि खिचडी तासाभराच्या वर तशीच ठेवू नये. कमजोर माणसाला जुलाब लागले की शुगर, बीपी, किडनी तिन्ही एकदम घसरतात. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या आणि उकळती खिचडी काठोकाठ भरा. अर्धा थर्मास लवकर गार होतो. उघडल्यावर वाफ निघाली नाही तर ती खिचडी खायची नाही. भाकरी, लाह्या, कोरडी चटणी एवढं मात्र फडक्यात टिकतं. थर्मासचं झाकण त्यांच्या हाताने उघडतं ना हे आदल्या दिवशी पाहा, संधिवात असलेल्यांचं अडतं ते तिथेच.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. पित्त वर येत असेल तर पलंगाचे उशाकडचे पाय विटा लावून अर्धा फूट उचला. दोन उशांनी मान वाकते, पित्त तिथेच राहतं.

उपवास

आषाढी, चतुर्थी, नवरात्र सोडायला कोणी तयार होत नाही, म्हणून निदान ताट बदला. साबुदाणा, बटाटा, दाणे आणि केळी: शुगर आणि पोटॅशियम दोन्ही चढवणारी ही चौकडी. त्यापेक्षा भगर एक वाटी, त्यात काकडी किंवा भोपळा, दाण्याचं कूट दोन चमचे. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत आपल्याकडे अधूनमधून येतात. ओल धरलेल्या भगरीवर बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही जाईलच असं नाही. तयार पीठ आणू नका. बंद पाकिटातली, तारीख पाहिलेली अख्खी भगर निवडून धुवा, लागेल तेवढीच शिजवा, उरली तर सकाळी खाऊ नका. इन्सुलिनवर असलेल्यांनी निर्जळी उपवास करायचा नाही.

वही

नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस. वहीत तीन रकाने: काय आणि किती खाल्लं, दोन तासांनी शुगर किती, पोटाचं काय झालं. कण्या आणि भोपळा एकाच दिवशी सुरू केले आणि पोट फुगलं तर कोणामुळे ते कळत नाही. सोसले नाहीत म्हणून मूग एकदम खोडू नका, आधी निम्मे करून पाहा, मग सोलून, मग घोटून. पाच-सहा पदार्थ पक्के झाले की आठवडाभर तेच फिरवा, कंटाळा आला तर फोडणी बदला. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन घेऊन वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. प्रयत्न न करता दोन महिन्यांत तीन किलोंच्या वर उतरलं, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.